नाक तेवढं परत गेलं

जुन्या जहाजांचे फोटो बघून उसासे टाकणाऱ्यांचा एक संप्रदाय आहे आणि मीही त्यातलाच एक वारकरी. पण 'एसएस फ्रान्स' या जुन्या फ्रेंच प्रवासी जहाजाचा विषय निघाला की माझं आमच्याच मंडळींशी वाजतं. सगळे 1962 मध्ये, म्हणजे ते धावू लागलं त्या वर्षात, रमतात आणि मला 2006 आठवत राहतं.

1962 मध्ये रमण्यासारखं होतं, हे मान्यच. 316 मीटर लांबीचं जहाज. पुढे 'क्वीन मेरी 2' येईपर्यंत, म्हणजे चाळीसेक वर्षं, एवढं लांब प्रवासी जहाज जगात दुसरं झालं नाही. 11 मे 1960 ला सँ-नाझेरच्या गोदीत ते पाण्यात उतरलं तेव्हा राष्ट्राध्यक्ष द गॉल जातीने हजर होते आणि जलावतरण त्यांच्या पत्नीच्या हस्ते झालं. डिसेंबर 1962 मध्ये मोनालिसा अमेरिकेला गेली ती याच जहाजाने, पहिल्या वर्गाच्या केबिनमधून, पहारेकऱ्यांसकट. धुरांड्यांना दोन्ही बाजूंनी पंख होते, धूर डेकवरच्या लोकांच्या अंगावर न येता बाजूला समुद्रावर जावा म्हणून. माझा सगळ्यात लाडका तपशील मात्र कुत्र्यांचा. अमेरिकन कुत्र्यांसाठी न्यूयॉर्कसारखा फायर हायड्रंट आणि फ्रेंच कुत्र्यांसाठी पॅरिसचा मैलाचा दगड! टांग वर करतानासुद्धा कुणाला परकं वाटू नये, एवढी काळजी.

पण जहाज जन्मालाच उशिरा आलं. 1958 पासून जेट विमानं अटलांटिक ओलांडत होती. पाच दिवसांची वाट काही तासांवर आल्यावर बोटीने जाणार कोण? सरकारी अनुदानावर गाडं चाललं होतं. 1973 मध्ये तेल भडकलं आणि 1974 मध्ये सरकारने हात आखडता घेतला. पैसा लागत होता काँकॉर्ड या आवाजापेक्षा वेगवान विमानाला. त्या सप्टेंबरमध्ये खलाशांनी ल आव्र बंदराच्या तोंडाशीच जहाज ताब्यात घेऊन नांगर टाकला. उपयोग झाला नाही. मग काही वर्षं ते त्याच बंदरात एका कोपऱ्यात पडून होतं. त्या जागेला लोक 'विस्मृतीचा धक्का' म्हणायचे.

1979 मध्ये नॉर्वेच्या क्नुट क्लोस्टर या जहाजमालकाने ते 1 कोटी 80 लाख डॉलरला घेतलं. जहाज पुढे ढकलणाऱ्या चार पंख्यांपैकी दोन काढले (कॅरिबियनमध्ये घाई कुणाला आहे?), नाव ठेवलं 'नॉर्वे' आणि बंदर मायामी. बेटांच्या धक्क्यांना लागायला जहाज फारच मोठं, म्हणून माणसं किनाऱ्यावर न्यायला दोन होड्या कायम पुढच्या डेकवर. आमचे शुद्धतावादी मित्र या पर्वाला अधोगती म्हणतात. मला ते पटत नाही. 'फ्रान्स' म्हणून ते बारा वर्षं चाललं, 'नॉर्वे' म्हणून तेवीस. कुठे जायचंय ते गौण आणि जहाज हेच मुक्कामाचं ठिकाण, ही आजच्या क्रूझची सगळी तऱ्हा त्याने रुजवली. वारसाच शोधायचा तर तो इथे आहे, झुंबरांत नाही.

25 मे 2003 ला मायामीच्या धक्क्यावर उभं असताना बॉयलर फुटला. आठ कर्मचारी गेले. अमेरिकी चौकशीत ठपका आला तो बॉयलर वापरण्याच्या, देखभालीच्या आणि तपासणीच्या ढिसाळपणावर. उसासे टाकणाऱ्या पोस्टींमध्ये हे आठ जण सहसा नसतात.

मग खरी गोष्ट सुरू होते. आधी जर्मनीला, तिथून ते ओढत मलेशियाला नेलं, मग विकलं, नाव झालं 'ब्लू लेडी'. पोटात हजार टनांच्या वर, फुप्फुसं पोखरणाऱ्या ॲस्बेस्टॉसचा माल. 2006 च्या पावसाळ्यात सुप्रीम कोर्टाने माणुसकीच्या नात्याने ते आपल्या हद्दीत येऊ दिलं आणि 15 ऑगस्टला ते गुजरातेत, जहाजं तोडतात त्या अलंगच्या चिखलात रुतलं. तारीख बघा! त्याच वर्षी फेब्रुवारीत फ्रान्सने आपली 'क्लेमाँसो' ही विमानवाहू नौका अलंगच्या वाटेवरून परत बोलावली होती, कारण तेच, ॲस्बेस्टॉस. ती नौका सरकारची होती, गाजावाजा झाला, राष्ट्राध्यक्ष शिराक यांना माघार घ्यावी लागली. 'ब्लू लेडी'ला कोण बोलावणार? कागदोपत्री ती फ्रान्सची राहिलीच नव्हती. सप्टेंबर 2007 मध्ये कोर्टाने तोडायची परवानगी दिली आणि पुढच्या वर्षाअखेर ती संपली.

त्यानंतर काही वर्षांनी मी अलंगला गेलो होतो. बंदराकडे जाणाऱ्या रस्त्याला दुतर्फा जहाजातल्या सामानाची दुकानं. एकाकडे नुसती लाइफ जॅकेट्स, दुसऱ्याकडे दहा माणसं बसतील एवढाली पातेली. मी एक पितळी हूक उचलला तर दुकानदार लगेच म्हणाला, "फ्रान्सवाला है, साहब." त्या रस्त्यावर सगळंच फ्रान्सवालं होतं. एवढे हूक लावायला तशी दोन जहाजं लागली असती. मागे केबिनच्या भिंतींचे पत्रे रचले होते, कडा फुटून पांढरट भुसा बाहेर आलेले. एक पोरगा ते कोरड्या फडक्याने झटकत होता. तोंडाला रुमाल. तो भुसा कसला होता, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

जहाजं तोडूच नयेत, असं मी अजिबात म्हणत नाही. अलंगचं पोलाद न वितळवता, नुसतं तापवून सळ्या होतात. यापेक्षा चांगला पुनर्वापर कुणी दाखवावा. जून 2025 पासून जहाजं सुरक्षितपणे तोडण्याबाबतचा हाँगकाँग करारही लागू झालाय, उत्तमच. पण शेवटच्या फेरीआधी झेंडा आणि नाव बदलून हात झटकायची सोय जागच्या जागी आहे, आणि माझं भांडण तिच्याशी आहे.

कारण तोडताना एक गोष्ट नीट जपून कापली गेली, जहाजाच्या नाळेचं, म्हणजे पुढच्या निमुळत्या भागाचं टोक. फ्रेंच लोक त्याला नाकच म्हणतात. ते पॅरिसला गेलं, फेब्रुवारी 2009 मध्ये लिलावात विकलं गेलं. पुढे ल आव्रला पोचलं. नाक तिकडे, फुप्फुसांचं काय ते इकडे.

हूक मात्र मी आणला. दारामागे लावलाय, छत्री टांगतो. कुणी विचारलं की मीही बेधडक सांगतो, फ्रान्सवाला आहे.