भावकीला कळू देऊ नका

गुपित कसं राखावं हे आपल्या लातूरकडच्या माणसाला शिकवायची गरज नाही. सोयाबीनला काय भाव लागला, हे आडतीवरून घरी येईपर्यंत तो सख्ख्या भावाला कळू देत नाही. मी फक्त चार नव्या गोष्टींची भर घालतो.

भावकीनं विचारलं, 'बँकेत किती हाय?' तर म्हणा, 'कुठलं आलंय, अजून विमाच पडला नाही.' मग अंगठा लावून पैसे काढायला सेवा केंद्रावर जा. तिथं रांगेतल्या बारा जणांसमोर पोरगं ओरडेल, 'आबा, एक्केचाळीस हजार दोनशे हायेत!' वर म्हणेल, 'मशीन घेईना, परत अंगठा ठेवा.' ठेवा. तीनदा ठेवा. पावती मागू नका, पोराला वाईट वाटतं. अंगठा लॉक करायची सोय आधारच्या ॲपमध्ये आहे म्हणतात. पण कुलूप कणगीच्या खोलीला लावावं, अंगठ्याला कसलं?

आधारच्या दहा झेरॉक्स कायम खिशात असू द्या. कुणी मागायच्या आत द्या. शेवटचे 4 आकडे सोडून बाकी झाकलेलं आधारही मिळतं, पण ते दाखवलं की समोरच्याला आपलाच संशय येतो. बिघडलेली झेरॉक्स तिथंच टाका, वाया जात नाही. परवा तहसीलसमोर भजी घेतली. तेलानं कागद आरपार झाला आणि आतून एक मावशी डोक्यावरचा पदर सावरून माझ्याकडं बघायला लागल्या. खाली 12 आकडे. त्यातला एक तेवढा मिरचीच्या देठानं झाकला होता. तेवढीच काय ती गोपनीयता.

तशी 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलंय, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. नऊ जणांचं एकमत! आमच्यात बांधावर दोघांचं होत नाही. 2023 मध्ये लोकांची माहिती जपायचा कायदाही झाला, 250 कोटींपर्यंत दंडाचा. भजीवाल्याला सांगितलं, तर म्हणाला, 'अजून एक प्लेट देऊ का?'

व्हॉट्सॲपवर 'लग्नपत्रिका.एपीके' आली की उघडा. एपीके म्हणजे फोनात ॲप बसवायची फाइल, पत्रिकेला ती कशाला, असं विचारू नये; लग्न चुकलं तर भावकी जन्मभर काढते. ती मेसेज वाचायची परवानगी मागेल. द्या. दारी आलेल्याला पाण्याला नाही म्हणतो का आपण? मग ओटीपी तुम्ही सांगायचीही गरज नाही, पत्रिकाच वाचून घेईल.

पैसे गेलेच, तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा असतो. जितका लवकर केला तितकी रक्कम वाटेत अडवायची आशा जास्त. पण घाई नको. फोनवर रक्कम सांगावी लागते आणि भिंतीपलीकडं चुलतभाऊ असतो. त्याला झोप लागू द्या.