वय वंदना कार्ड काढलं, म्हणून मेडिक्लेम बंद करू नका

‘सत्तरीपुढच्या प्रत्येकाला 5 लाख, सगळे उपचार फुकट, मेडिक्लेम बंद करा, आता म्हातारपणाची काळजी सरकारची’ असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. 29 ऑक्टोबर 2024 पासून 70 किंवा त्याहून जास्त वयाच्या सर्वांना आयुष्मान भारत योजनेचं ‘वय वंदना’ कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही, एवढं खरं.

‘प्रत्येकाला 5 लाख’ हे चूक. रक्कम कुटुंबाला वर्षाची आहे. नवरा-बायको दोघंही सत्तरीपुढचे असतील तर त्यातच दोघांचं भागवायचं.

‘सगळे उपचार’ हेही नाही. यादीतल्या रुग्णालयात दाखल झालं तरच कार्ड चालतं. डायलिसिस, केमो त्यात बसतात. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या आणि ओपीडी बसत नाही.

मेडिक्लेम तर मुळीच बंद करू नका. खासगी पॉलिसी असली तरी कार्ड मिळतं. जवळचं रुग्णालय यादीत नसेल तेव्हा पॉलिसीच कामी येते, आणि या वयात नवी घेतली तर जुन्या आजारांसाठी 3 वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना), ईसीएचएस (माजी सैनिकांची) वाल्यांना मात्र ती योजना किंवा हे कार्ड, एकच निवडावं लागतं.

सर्वांत घातक वाक्य शेवटचं, ‘म्हातारपणाची काळजी सरकारची’. खुब्याचं हाड मोडलं तर ऑपरेशन कार्डावर होईल, घरी सोडल्यावर 15 दिवसांची औषधंही मिळतील. त्यापुढचे खाटेवरचे महिने, डायपर, आया, सगळं घरच्यांवर. आणि माणूस खचतो तो तिथेच, बेडसोअरने, म्हणजे पडून राहून दाबाने होणाऱ्या जखमांनी. दर 2 तासांनी कूस बदला. पोटरीखाली उशी द्या, टाच अधांतरी राहू द्या. माकडहाडावरचा लाल डाग बोटाने दाबूनही फिका पडत नसेल तर जखम सुरू झाली आहे. सावळ्या त्वचेवर लाली कळत नाही, तेव्हा हात लावून बघा: ती जागा गरम किंवा टणक लागते का? तिथे चोळू नका, आतली इजा वाढते.

या काळजीची तरतूद कार्डात नाही, पण वृद्धांच्या आरोग्यसेवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आहे, 2010-11 पासून. घराबाहेर पडू न शकणाऱ्यांकडे उपकेंद्राच्या कर्मचाऱ्यांनी घरी यायचं असतं, जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी 10 खाटांचा वॉर्ड असायचा असतो. बहुतेकांना हे ठाऊकच नसतं, म्हणून कुणी मागत नाही. आशाताईंकडे रुग्णाचं नाव द्या, प्राथमिक आरोग्य केंद्रात घरभेटीसाठी लेखी अर्ज करून पोच घ्या. कर्मचारी आले की नुसतं बीपी मोजून जाऊ देऊ नका. पाठ, माकडहाड आणि दोन्ही टाचा उघडून दाखवा.