“एवढे खासगी प्रश्न कशासाठी?” या अभिप्रायाला आमचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

पाळीच्या नोंदी ठेवणाऱ्या आमच्या ॲपला प्ले स्टोअरवर एक तारा देऊन आपण लिहिलेला अभिप्राय आम्ही काळजीपूर्वक वाचला. तिथे उत्तरासाठी जेमतेम ३५० अक्षरांची जागा मिळते आणि तेवढ्यात “आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे” यापलीकडे काही लिहिता येत नाही, म्हणून हे सविस्तर उत्तर आमच्या संकेतस्थळावर देत आहोत. इतर वाचकांसाठी आपली तक्रार थोडक्यात अशी : आपण हे ॲप स्वतःसाठी आणि सोळा वर्षांच्या मुलीसाठी एकाच मोबाइलवर घेतले. अंगावरून पांढरे जाते का, त्याचा रंग व वास कसा आहे, पाळीत गाठी पडतात का, असे प्रश्न त्यात आधीपासून येत होते. त्यात मुलीची पाळी लांबल्यावर शरीरसंबंध आला होता का आणि गर्भनिरोधक वापरले होते का, हेही ॲपने विचारले. “डॉक्टरसुद्धा इतके विचारत नाहीत, मग कंपनीला हे कशाला हवे आणि हे सगळे कोणाला विकले जाते,” असे आपण विचारले आहे आणि हे प्रश्न काढून टाकावेत अशी मागणी केली आहे.

प्रश्न आम्ही काढणार नाही. मात्र त्यांची उत्तरे कोणत्याही कंपनीच्या हाती पडू नयेत, ही आपली अपेक्षा शंभर टक्के रास्त आहे आणि आमच्या ॲपची बांधणी त्याच अपेक्षेवर झालेली आहे. या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत, म्हणून दोन्हींविषयी लिहितो.

डॉक्टर इतके विचारत नाहीत, हे मात्र मान्य करता येत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे केसपेपरवर नाव आणि वयानंतर बहुधा पहिली नोंद शेवटच्या पाळीच्या तारखेची होते, आणि त्यापुढे पाळी किती दिवस जाते, पॅड किती लागतात, गाठी पडतात का, तांबी बसवली आहे का, गोळ्या चालू आहेत का, हे ओघाने येतेच. गरोदरपणाचे दिवससुद्धा शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. अडचण अशी की बहुतेक जणींना ती तारीख डॉक्टरांसमोर आठवत नाही, आणि “एकादशीच्या आसपास आली होती” असे काहीतरी सांगून वेळ निभावली जाते. ती वेळ निभावून नेण्याची गरज पडू नये, एवढ्यासाठीच हे ॲप आहे.

आता एकेका प्रश्नाकडे वळतो. आपल्या अभिप्रायात उल्लेख नसलेला, पण आमच्याकडे सर्वाधिक नाराजी ओढवून घेणारा एक प्रश्न आधी घेतो, कारण हिशोब कसा चालतो ते त्यावरून स्पष्ट होते. “या महिन्यात पाळी पुढे ढकलण्याची गोळी घेतली होती का?” असा तो प्रश्न असून त्याखाली “हो”, “नाही” आणि “सांगायचे नाही” असे तीन पर्याय दिसतात. गौरी-गणपती, घरचे लग्न, देवदर्शनाची सहल अशा निमित्ताने ही गोळी आपल्याकडे किती सहज घेतली जाते, हे कोणत्याही औषधाच्या दुकानदाराला विचारावे. (ती डॉक्टरांना न विचारता घेऊ नये, हे जाता जाता लिहून ठेवतो.) समजा, एखादीच्या चार पाळ्या २८, २९, २७ आणि २८ दिवसांनी आल्या आणि पाचवी गोळीमुळे ४१ दिवसांनी आली. गोळीची माहिती नसेल तर ॲप पाचही आकड्यांची सरासरी काढून पुढची पाळी जवळजवळ ३१ दिवसांनी येईल असे सांगेल, आणि प्रत्यक्षात ती २८ व्या दिवशी बसप्रवासात येऊन उभी राहील. “हो” असे उत्तर मिळाले तर तो महिना हिशोबातून वगळला जातो आणि अंदाज २८ वर राहतो.

गर्भनिरोधकाच्या प्रश्नामागेही हेच कारण आहे. सरकारी दवाखान्यात मिळणारी “छाया” ही गोळी सुरू केल्यावर पाळ्यांमधले अंतर वाढू शकते, “अंतरा” इंजेक्शनवर असलेल्या अनेक जणींची पाळी अनियमित होते किंवा काही महिने येतच नाही, आणि तांबी बसवल्यावर सुरुवातीला रक्तस्राव वाढलेला दिसतो. हे ठाऊक नसलेले ॲप “पाळी चुकली” असा इशारा देऊन एखादीची झोप उडवील. पांढऱ्या पाण्याचा रंग आणि वास विचारण्यात आम्हाला रस असण्याचे कारण नाही. परंतु अंडे बाहेर पडण्याच्या सुमारास येणारा पारदर्शक, तार सुटणारा स्राव ही निरोगी शरीराची खूण आहे, तर दह्यासारखा घट्ट स्राव आणि खाज ही संसर्गाची लक्षणे असू शकतात, आणि हा फरक माहीत नसल्यामुळे पहिल्या गोष्टीची भीती बाळगणाऱ्या व दुसरी अंगावर काढणाऱ्या स्त्रिया आपल्याच घरांत आहेत. गाठी आणि पॅडच्या संख्येचेही तसेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याला आहारासह अनेक कारणे असली, तरी दर महिन्याला होणारा अतिरिक्त रक्तस्राव हे त्यांतले एक ठळक कारण आहे, आणि “आमच्याकडे सगळ्यांनाच जास्त जाते” म्हणून ते नेमके दुर्लक्षिले जाते. सलग काही तास दर तासाला पॅड पूर्ण भिजत असेल, तर दवाखान्यात जा असे सांगण्यासाठी आधी विचारावेच लागते.

राहिला शरीरसंबंधाचा प्रश्न. पुढच्या पाळीची तारीख सांगण्यासाठी त्याची गरज नसते, म्हणून तो रोजच्या नोंदीत येत नाही. तो दोनच ठिकाणी येतो : गर्भधारणेची इच्छा आहे असे स्त्रीने स्वतः निवडले असेल तेव्हा, आणि पाळी एक आठवड्याहून अधिक लांबली असेल तेव्हा. दुसऱ्या वेळी तो विचारण्याचा हेतू एवढाच की घरी लघवीची तपासणी करून पाहावी का, हे सांगता यावे. चाळिशी ओलांडलेल्या स्त्रियांच्या बाबतीत आम्ही या प्रश्नाचा विशेष आग्रह धरतो. पाळी लांबली की “आता जायचे दिवस आले” असे गृहीत धरले जाते, प्रत्यक्षात सलग बारा महिने पाळी आली नाही तरच ती गेली असे म्हणतात, आणि तोपर्यंत दिवस राहू शकतात. कायद्याने गर्भपाताची मुदत सर्वसाधारणपणे २० आठवडे आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ठरावीक गटांसाठी २४ आठवडे आहे. जिच्या चार महिन्यांनी लक्षात येते, तिच्या हाती विचार करायला फारसा वेळ उरत नाही. विवाहित की अविवाहित, हे मात्र आमचे ॲप कुठेही विचारत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २० ते २४ आठवड्यांच्या तरतुदीत अविवाहित स्त्रियांना वेगळे काढता येणार नाही असे स्पष्ट केले आहे, आणि शरीराच्या हिशोबात तर या माहितीचा काहीच उपयोग नाही.

तरीही सोळा वर्षांच्या मुलीला हा प्रश्न दिसायला नको होता, हे आपले म्हणणे योग्य आहे. वय अठराच्या आत नोंदवले असेल तर तो प्रश्न मुळात उघडतच नाही. आपल्या मोबाइलवर तो का उघडला हे आम्ही इथून पाहू शकत नाही, कारण आपण कोणते वय भरले आहे ते आमच्याकडे येत नाही. परंतु आई आणि मुलगी यांच्या नोंदी एकाच प्रोफाइलमध्ये, आईच्या वयावर चालू असाव्यात असा आमचा अंदाज आहे. घरात एक मोबाइल दोघी-तिघींत वापरला जातो म्हणूनच “आणखी एक व्यक्ती” हा पर्याय ठेवला आहे. सेटिंग्जमध्ये जाऊन मुलीसाठी वेगळे प्रोफाइल उघडावे आणि त्याला वेगळा पिन द्यावा. दोघींच्या पाळ्या एकाच हिशोबात मिसळल्या असतील, तर तारखांचा अंदाजही कोणाच्याच कामाचा राहणार नाही, हा आणखी एक मुद्दा.

आता “कोणाला विकता” याविषयी. या व्यवसायात असा संशय घेणाऱ्या ग्राहकाला बोल लावण्याचा अधिकार कोणत्याच मालकाला उरलेला नाही. कोट्यवधी स्त्रिया वापरत असलेल्या “फ्लो” या ॲपने माहिती खासगी ठेवण्याचे वचन दिले असताना, ॲपमध्ये बाई काय दाबते, काय निवडते अशा हालचालींची माहिती फेसबुक आणि गूगलसारख्यांच्या विश्लेषण सेवांकडे जात होती, असा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी आयोगाने ठेवला आणि जानेवारी २०२१ मध्ये त्या कंपनीला तडजोड स्वीकारावी लागली. त्या तक्रारीतला एक तपशील आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येकाने पाठ करावा असा आहे : “गरोदरपणाचा आठवडा निवडला” अशा अर्थाची नावेच त्या हालचालींना दिलेली होती, त्यामुळे उत्तर न पाठवताही नुसत्या नावावरून बाई गरोदर आहे हे पलीकडे कळत होते. २०२३ मध्ये “प्रीमॉम” या ॲपवर त्याच आयोगाने कारवाई केली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातील ज्यूरीने फ्लोच्या प्रकरणात फेसबुकची मालक असलेल्या मेटा कंपनीलाही दोषी धरले. आपल्या देशातले ॲपही यातून सुटलेले नाही. “प्रायव्हसी इंटरनॅशनल” या संस्थेने २०१९ मध्ये ज्या ॲपवर बोट ठेवले, त्यांत बंगळूरूच्या कंपनीचे “माया” होते.

या पार्श्वभूमीवर आमची व्यवस्था सांगतो. सर्व नोंदी आपल्या मोबाइलमध्येच राहतात. फोन नंबर, ईमेल किंवा नाव मागितले जात नाही. जाहिरात कंपन्यांचा किंवा फेसबुकचा कोणताही कोड ॲपमध्ये नाही. ॲप मध्येच बंद पडले तर मोबाइलचे मॉडेल आणि ॲपची आवृत्ती एवढेच आमच्याकडे येते. आठवण देणाऱ्या सूचनेत पाळीचा उल्लेख न करता फक्त “आज नोंद करा” असे येते. आमची कमाई वर्षाच्या शुल्कातून होते, आणि जो धंदा जाहिरातीवर चालत नाही त्याला गिऱ्हाइकाच्या घरातले ऐकून करायचे काय? प्ले स्टोअरवरील डेटा सुरक्षेची माहिती प्रत्येक कंपनी स्वतःच भरते, म्हणून केवळ त्या तक्त्यावर विसंबू नये. मोबाइलचे इंटरनेट बंद करून आमचे ॲप वापरून पाहावे, त्याचा एकही भाग अडणार नाही. या व्यवस्थेची किंमतही आहे. मोबाइल हरवला आणि बॅकअपची फाइल स्वतः काढून ठेवली नसेल, तर नोंदी गेल्याच, आणि त्याबद्दल आम्हाला मिळणारे एक ताऱ्याचे अभिप्राय आपण तिथेच खाली वाचू शकता. ते वाचूनही आम्ही नोंदी स्वतःकडे घेतलेल्या नाहीत.

कायद्याने काय मागता येते आणि काय नाही, हेही ग्राहकांनी लक्षात घ्यावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती सांगितलेल्या कामासाठी आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती मर्यादित असते. कायद्यातच उदाहरण दिले आहे : टेलिमेडिसिनच्या (दुरूनच डॉक्टरांचा सल्ला देणाऱ्या) ॲपने मोबाइलमधील संपर्कांची यादी मागितली आणि बाईने होकार दिला, तरी ती यादी त्या सेवेसाठी आवश्यक नसल्यामुळे तो होकार यादीला लागू होत नाही. हाच निकष लावून आपण कोणत्याही आरोग्य ॲपकडे पाहावे. कामेच्छा, जोडीदाराशी झालेले भांडण, त्वचेचा पोत, वजन कमी करण्याची इच्छा असे प्रश्न पहिल्याच दिवशी रांगेने विचारून शेवटी खाते उघडायला लावणारी ॲप आहेत. पाळीच्या तारखेशी त्यातल्या बहुतेकांचा संबंध नसतो, आणि तिथे आपला संताप पूर्णपणे योग्य ठरेल. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११ च्या नियमांत आरोग्याची माहिती “संवेदनशील” म्हणून वेगळी काढली होती, नव्या कायद्यात तसा वेगळा वर्ग नाही, याचे आम्हाला वाईट वाटते.

आमच्या प्रत्येक प्रश्नाखाली “का विचारतो?” अशी ओळ असते आणि ती दाबल्यावर कारण दिसते. कारण दाबल्याशिवायच दिसायला हवे, ही आपल्या अभिप्रायातील सूचना आम्हाला पटली असून पुढच्या आवृत्तीत ते प्रश्नाच्या वरच छापलेले असेल. “सांगायचे नाही” हा पर्याय निवडल्यास ॲपचा कोणताही भाग बंद होत नाही. अंदाज थोडा ढोबळ होतो एवढेच. एखादा प्रश्न कायमचा नको असेल, तर त्यावर बोट दाबून धरल्यास “पुन्हा विचारू नका” असा पर्याय येतो.

एवढ्यावरही आपल्याला हे ॲप ठेवायचे नसेल, तर आधी सेटिंग्जमधून “सर्व नोंदी पुसा” करावे आणि मगच ॲप काढावे, म्हणजे मोबाइलमध्ये राहिलेली बॅकअपची फाइलही पुसली जाईल. वर्षाचे शुल्क भरले असल्यास प्ले स्टोअरच्या पावतीवरील ऑर्डर क्रमांक आम्हाला कळवावा. उरलेल्या महिन्यांचे पैसे परत केले जातील आणि त्यासाठी कोणतेही कारण विचारले जाणार नाही.

आपली,
संस्थापिका, पुणे