खून उशिरा होण्याला माझी हरकत नाही

सप्रेम नमस्कार.

‘डेथ ऑन द नाइल’ या चित्रपटावरील माझ्या परीक्षणाला परभणीहून आपण सविस्तर प्रतिक्रिया पाठवलीत, त्याबद्दल आभार. मूळ कादंबरी डोक्यात ठेवून गेल्यामुळे मी निराश झालो, खून तर कादंबरीतही उशिराच होतो, आणि चित्रपटाच्या भव्यतेची मी दखलच घेतली नाही, असे आपले म्हणणे आहे.

खुनाबाबतचे आपले म्हणणे खरे आहे. परंतु अगाथा ख्रिस्ती यांच्या १९३७च्या कादंबरीत त्याआधीची पाने वाया जात नाहीत. कोणाचा कोणावर राग आहे, कोणाचा पैसा कुठे गुंतला आहे, हे तिथे पेरलेले असते आणि पुढे तपासात तेच उगवून येते. २०२२च्या चित्रपटात हा वेळ पहिल्या महायुद्धातील खंदक, गुप्तहेर प्वारोच्या मिशीआडची जखम आणि त्याचे हरवलेले प्रेम यांवर खर्च होतो, आणि यातले काहीही नौकेवरील खुनाचा छडा लावायला कामी येत नाही. प्वारो साकारणारे दिग्दर्शक केनेथ ब्रॅना यांच्याच २०१७च्या पहिल्या भागात, ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’मध्ये, मिशीचे कौतुक कमी नव्हते, पण बर्फात अडकलेल्या आगगाडीवरचे लक्ष ढळत नव्हते.

कादंबरीतून केलेल्या बदलांना माझा विरोध नाही. पुस्तकात खून झालेल्या लिनेटच्या खोलीत नखांना लावायच्या रंगाच्या दोन बाटल्या असतात; एकीवर गुलाबी रंगाचे नाव असते, तळाशी थेंब मात्र भडक लाल. प्वारो ती हुंगून पाहतो. हे सारे आपल्यासमोर घडते, तरी आपण पान उलटून पुढे जातो, आणि शेवटी स्वतःवरच चरफडतो. रहस्यकथेचा खरा आनंद तो! चित्रपटाने त्याऐवजी चित्रकलेच्या रंगाची हरवलेली नळी आणली. कल्पना चांगली आहे. पण ती एक तक्रार म्हणून कानावर पडते, आणि नंतर प्वारो निरखून पाहण्याऐवजी एकेकावर आरोप करत सुटतो. प्रेक्षकाने शोधायचे तरी काय?

राहिली भव्यता. नौका स्टुडिओत उभारलेली होती, याला माझा आक्षेप नाही. मात्र वेरूळचे कैलास लेणे जवळून पाहिलेल्या आपल्या मराठवाड्यातल्या माणसाला कोरीव दगडावरचे ऊन कसे असते, हे सांगावे लागत नाही. चित्रपटात इजिप्तमधल्या अबू सिंबेलच्या मंदिरात दगड कोसळतो, तेव्हा मला त्याचे वजनच जाणवले नाही, त्यामुळे भीतीही वाटली नाही. याच कादंबरीवरच्या, पीटर उस्तिनोव्ह प्वारो झालेल्या १९७८च्या चित्रपटाचे चित्रीकरण इजिप्तमध्ये झाले होते. तो आपण अवश्य पाहावा, आणि त्यानंतरही नवा चित्रपट सरस वाटला, तर कोणत्या प्रसंगामुळे, ते मला कळवावे.