क्लासला पैसे भरायच्या आधी एक जुना पीसी घ्या

परवा कुडाळच्या स्टँडवर चुलत बहीण भेटली. म्हणाली, "दादा, झिलाक आयटीचो कोर्स करूचो आसा, पुण्याचो क्लास सत्तर हजार सांगता, पाटली गहाण टाकू काय?" मी म्हटलं बाय, आधी घरी चल, चाय पाज, मग बोलू.

ही चूक मी स्वतः केलीय म्हणून लिहितोय. हार्डवेअर-नेटवर्किंगचा क्लास, सहा महिने, बारा पोरांत एक उघडलेला कॅबिनेट, तो पण सरच हाताळायचे, आम्ही मान उंच करून बघायचो. शेवटी सर्टिफिकेट मिळालं ते क्लासचंच. इंटरव्ह्यूला ते कोणी उघडूनसुद्धा पाहिलं नाही.

भाच्याला करायचंय ते कॉम्पटिया नावाच्या अमेरिकन संस्थेचं ए प्लस सर्टिफिकेट. हेल्पडेस्क, डेस्कटॉप सपोर्ट असल्या पहिल्या नोकरीसाठीची परीक्षा. दोन पेपर, प्रत्येकी ९० मिनिटं, जास्तीत जास्त ९० प्रश्न, पासिंग एकाला ६७५ आणि दुसऱ्याला ७००, स्केल ९०० पर्यंत. आणि क्लास केलाच पाहिजे अशी अट कुठेच नाही! परीक्षेची फी मात्र दोन्ही पेपरांची वेगवेगळी आणि चांगलीच लागते, म्हणून माझं म्हणणं एवढंच की पैसे तिथे, शेवटी घाला, सुरुवातीला क्लासच्या एसीत नको.

शिकायचं कसं? यूट्यूबवर प्रोफेसर मेसर आहे, ए प्लसचा अख्खा कोर्स फुकट टाकलाय. इंग्रजी भरभर वाटलं तर स्पीड कमी करा, लाज कसली त्यात. लिनक्ससाठी (विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम) आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल आहेत, मराठीतून सुद्धा. नेटवर्किंगला सिस्कोचं पॅकेट ट्रेसर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, राउटर-स्विच स्क्रीनवरच जोडत बसायचं. जुनं पुस्तक कोणी स्वस्तात देत असेल तर आधी वरचा परीक्षेचा नंबर बघा, २०२५ पासून पेपर २२०-१२०१ आणि २२०-१२०२ झालेत, ११०१-११०२ वाली पुस्तकं आता नुसती पाया समजायला ठीक. डम्प्सच्या (परीक्षेतले चोरून बाहेर आणलेले प्रश्न) नादाला तर अजिबात नको, पकडला गेलात तर सर्टिफिकेट जातं आणि फीपण बुडते.

पण व्हिडिओ बघून हात तयार होत नाहीत हो. त्यासाठी जुना पीसी. ऑफिसातनं निघालेला, दुकानात कोपऱ्यात पडलेला, बंद असेल तर अजून उत्तम. आपल्याकडे खारा वारा नि चार महिने ओल, रॅमच्या (मेमरीच्या पट्टीच्या) पिना काळ्या पडतात, खोडरबरने पुसल्या की बऱ्याचदा मशीन चालू (अर्ध्या किनारपट्टीचा रिपेअरिंग धंदा त्या रबरावर चाललाय, कोणाला सांगू नका). एसएमपीएसमध्ये (पीसीला वीज पुरवणारा डबा) पालीची अंडी मी स्वतः काढलीत. तो डबा मात्र शिकताना उघडायचा नाही, पीसी बंद असला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो, झटका बसतो.

आणि प्रिंटर! लेझर प्रिंटरच्या छपाईचे सात टप्पे असतात, पोरं पाठ करून करून रडतात. मी भाच्याला बाजारातल्या झेरॉक्सवाल्याकडे पाठवला, पावसात कागद ओला होऊन रोज जॅम होतो त्याचा. त्यातले मुख्य म्हणजे ड्रमवर चार्ज, मग लेझरने चित्र, मग टोनर (शाईची पूड), मग कागदावर, मग फ्यूजरची उष्णता, हे एकदा झाकण काढून बघितलं की परत पाठ करायला लागत नाही. शिवाय झेरॉक्सवाला वडापाव देतो.

परीक्षा घरूनही देता येते, पण कोकणात जून ते सप्टेंबर ती हिंमत करू नये. लाईट कधी जाईल, रेंज कधी जाईल नेम नाही, शिवाय खोलीत दुसरं कोणी आलं तर पेपर रद्द होऊ शकतो, आणि आमची आजी "रे, चाय होयी काय तुका?" विचारल्याशिवाय राहणारच नाही. सरळ सेंटरला जा, एसटीचा खर्च परवडतो.

पाटली बहिणीच्या हातातच आहे. दोन हजारांत एक डबडा पीसी आणलाय, भाचा ओटीवर पसारा मांडून बसलाय, काल रात्री ११ वाजता फोन, "मामा, तीनदा बीप वाजता, काय झाला?" मी काय सांगितलं नाय, पीसीच बीप वाजवून सांगतोय ना काय बिघडलंय ते, शोधू दे.