‘वडिलोपार्जित जमिनीचे मृत्युपत्र होतच नाही’ : एका फिरत्या संदेशाला उत्तर

शेतीच्या वाटणीवरून ज्या घरांत बोलणे बंद झालेले असते, त्या घरांतल्या मोबाइलवर हमखास येणारा एक संदेश आहे. त्याचा मथितार्थ असा : वडिलोपार्जित शेतजमिनीचे मृत्युपत्र करताच येत नाही आणि केले असले तरी ते आपोआप रद्द समजावे, आजोबांच्या जमिनीवर नातवाचा जन्मसिद्ध हक्क असतो, मृत्युपत्र नोंदवलेले असेल तर मात्र त्याला कोणीही आव्हान देऊ शकत नाही, फेरफार मंजूर झाला की मालकी पक्की, मृत्युपत्रातल्या अक्षरांपलीकडे कोर्टाला जाता येत नाही, आणि बारा वर्षे जो शेत कसतो, शेत त्याचे होते. पहिल्या विधानाप्रमाणे जन्मतःच रद्द असलेले मृत्युपत्र दुय्यम निबंधकाचा शिक्का बसताच तिसऱ्या विधानाप्रमाणे अभेद्य कसे होते, एवढे कोडे मात्र संदेशाने वाचकावर सोडले आहे.

मुळात हा संदेश कोणाला लागू आहे, हेही त्यात कोठे सांगितलेले नाही. जन्माने मिळणारा हिस्सा ही कल्पना हिंदू वारसा कायदा, १९५६ च्या कक्षेतल्या, म्हणजे हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांच्या संदर्भातली आहे. मुस्लिम कायद्यात जन्मतः हिस्सा नसतो, आणि इतर वारसांची संमती नसेल तर मृत्युपत्राने एक तृतीयांशापेक्षा अधिक मिळकत देता येत नाही. पुढील विवेचन पहिल्या गटापुरते आहे.

आता पहिले विधान. ते पूर्ण खोटे नाही, आणि म्हणूनच ते अधिक घातक आहे. एकत्र कुटुंबाच्या सहदायकी जमिनीत, म्हणजे जिच्यात जन्मतःच हिस्सा मिळतो अशा जमिनीत, मुलामुलींचा जो हिस्सा असतो, तो बापाला कोणाच्याही नावे लिहून देता येत नाही, हे खरे. परंतु त्याच जमिनीतला स्वतःचा अविभक्त हिस्सा त्याला मृत्युपत्राने देता येतो, ही तरतूद १९५६ च्या कायद्याच्या कलम ३० मध्ये अगदी स्पष्ट शब्दांत आहे. म्हणजे असे मृत्युपत्र रद्द होत नाही. ते बापाच्या हिश्श्यापुरते चालते आणि उरलेल्या जमिनीबाबत निष्प्रभ ठरते. समजा, दहा एकर सहदायकी जमीन आहे. वडील २०१५ मध्ये वारले. मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी आहे, आजी आधीच वारलेली आहे. आणि वडिलांनी दहाही एकर धाकट्या मुलाच्या नावे लिहून ठेवली आहे. मृत्यूच्या क्षणाआधी वाटणी झाली असती तर कोणाला काय मिळाले असते, हे आधी मानावे लागते. अशा वाटणीत पत्नीलाही मुलाइतका हिस्सा मिळतो, हे गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई या १९७८ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने हिशेब करूनच दाखवले आहे. त्याप्रमाणे वडील, पत्नी आणि तीन मुले असे पाच हिस्से पडतात, म्हणजे प्रत्येकी दोन एकर. मृत्युपत्र फक्त वडिलांच्या दोन एकरांना लागू होते. धाकट्याला स्वतःचे दोन आणि वडिलांचे दोन असे चार एकर मिळतात, इतरांना दोन दोन. मृत्युपत्र नसतेच तर वडिलांचे दोन एकर चौघा वारसांत अर्धा अर्धा एकर वाटले गेले असते आणि प्रत्येकाच्या वाट्याला अडीच एकर आली असती. तेव्हा ‘सगळे धाकट्याचे’ हेही चूक आणि ‘मृत्युपत्र रद्दच’ हेही चूक. भांडण खरे तर दीड एकराचे आहे, आणि हे समजले असते तर कित्येक दावे दाखल होण्याआधीच मिटले असते असे मला वाटते.

या उदाहरणात मुलीला भावांइतका वाटा धरला आहे, तो १९५६ च्या कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीमुळे. त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, हे विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट झाले. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी त्यामुळे उखडली जात नाही.

दुसरे विधान पहिल्याच्याच पोटातले आहे, पण सगळा गोंधळ तेथेच आहे. बोलीत आपण वडिलांकडून आलेल्या प्रत्येक गोष्टीला ‘वडिलोपार्जित’ म्हणतो. कायद्याच्या दृष्टीने जन्मतः हिस्सा देणारी जमीन हा त्यातला एक अरुंद प्रकार आहे. एकाच सातबाऱ्यावर दिसणारी जमीन कुटुंबात तीन वेगवेगळ्या वाटांनी आलेली असू शकते. आजोबांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेली जमीन, ते १७ जून १९५६ नंतर मृत्युपत्र न करता वारले असतील, तर वडिलांना वारस म्हणून मिळते आणि ती वडिलांची स्वतंत्र मिळकत ठरते; वडील हयात असताना नातवाचा तीत जन्मतः हिस्सा नसतो. चंदर सेन प्रकरणात १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले, आणि अशी संपूर्ण जमीन वडील मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतात. आजोबांनीच मृत्युपत्र करून वडिलांना जमीन दिली असेल, तर ती वडिलांची एकट्याची की त्यांच्या शाखेची, हे आजोबांच्या शब्दांवरून ठरते. अरुणाचल मुदलियार प्रकरणातला १९५३ चा निर्णय या बाबतीत आजही मार्गदर्शक आहे. अशा वेळी वडिलांच्या मृत्युपत्राचा अर्थ लावण्याआधी आजोबांच्या मृत्युपत्राचा अर्थ लावावा लागतो. कूळकायद्याने मिळालेल्या जमिनीत आणखी एक पेच असतो : त्या कायद्याच्या कलम ३२-ग खाली कुळाने करायची खरेदी एकाच भावाच्या नावे झालेली असते, पण मूळ कुळवहिवाट त्याची एकट्याची होती की सगळ्या कुटुंबाची, हा प्रश्न पुराव्याने सोडवावा लागतो. आणि कुटुंब एकत्र होते एवढ्यावरून जमीन एकत्र होती असे गृहीत धरले जात नाही. तसे म्हणणाऱ्याने आधी सामाईक मिळकतीचा गाभा आणि तिचे उत्पन्न दाखवावे लागते.

नोंदणीबद्दलचे विधान मात्र निखालस चुकीचे आहे. नोंदणी कायदा, १९०८ प्रमाणे मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे. भारतीय वारसा कायदा, १९२५ च्या कलम ६३ ला हवे असते ते एवढेच : करणाऱ्याची सही अथवा अंगठा, आणि ती सही प्रत्यक्ष पाहिलेल्या किंवा करणाऱ्याच्या तोंडून तिची कबुली ऐकलेल्या किमान दोन साक्षीदारांच्या त्याच्यासमक्ष झालेल्या सह्या. साध्या कागदावरचे, स्टॅम्प नसलेले मृत्युपत्रही चालते, आणि नंतरचे साधे मृत्युपत्र आधीच्या नोंदणीकृत मृत्युपत्राला मागे सारते. साक्षीदारांपैकी निदान एक हयात आणि उपलब्ध असेल तर त्याला न्यायालयात उभे करावेच लागते. नोंदणीकृत दस्तांना या बाबतीत मिळणारी सवलत कायद्याने मृत्युपत्राला मुद्दाम नाकारली आहे. १९५९ पासून वेंकटाचल अय्यंगार प्रकरणाचा नियम चालत आला आहे की, संशयास्पद परिस्थिती असेल तर ती दूर करण्याचा भार मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यावर असतो : अंथरुणाला खिळलेला माणूस, ज्याला सगळे मिळणार त्यानेच आणलेला लेखनिक, आयुष्यभर सही करणाऱ्याचा अचानक उमटलेला अंगठा. केवळ एखाद्या वारसाला वगळले म्हणून मात्र मृत्युपत्र संशयास्पद होत नाही. वारसाहक्काचा नेहमीचा क्रम बदलायचा असतो म्हणूनच तर ते केले जाते, आणि दुखावलेल्या भावंडांना हे पचवणे सर्वांत जड जाते.

फेरफाराबद्दल. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ प्रमाणे वारसाने मिळालेल्या हक्काची वर्दी तीन महिन्यांत तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, द्यायची असते; नोटिसा निघतात, हरकत आली तर ती तक्रारी नोंद होते, आणि तिच्यावरच्या आदेशाविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील चालते. या सगळ्यातून ठरते ते महसूल कोणी भरायचा हे. नोंद बरोबर असल्याचे गृहीत धरले जाते, पण ते गृहीतक उलट पुराव्याने मोडता येते. मृत्युपत्राच्या आधारे मालकी सांगणाऱ्याने, वाद असल्यास, दिवाणी न्यायालयातच जावे, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये जितेंद्र सिंह प्रकरणात म्हटले आहे. जुन्या सातबाऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावापुढे दिसणारी ‘ए. कु. मॅ.’ ही अक्षरे तर नेमके उलटच सांगत असतात : तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर आहे, एकटा मालक नव्हे. ही तीन अक्षरे पुढच्या उताऱ्यांतून गळली म्हणून बाकीच्या भावंडांचा हिस्सा गळत नाही.

शब्दांच्या अर्थाविषयीचे विधान ऐकायला शहाणपणाचे वाटते, परंतु कायदा त्याच्या विरुद्ध दिशेने जातो. मृत्युपत्र बहुतेक वेळा वकील लिहीत नाही. गावातला एखादा जाणता माणूस किंवा घरातला शिकलेला भाचा लिहितो. म्हणूनच त्यात पारिभाषिक शब्द असण्याची गरज नाही, फक्त करणाऱ्याचा हेतू कळला पाहिजे, आणि तो एका कलमावरून नव्हे तर संपूर्ण कागदावरून शोधायचा, असे १९२५ चा कायदाच सांगतो. जुन्या मृत्युपत्रात सर्व्हे नंबर असतो, मधल्या काळात गावात एकत्रीकरण होऊन गट नंबर आलेले असतात. ‘विहिरीकडचे चार एकर’ हे वर्णन जुळत असेल तर चुकलेल्या नंबरामुळे देणगी बुडत नाही. ‘माझी सर्व शेती’ असे लिहून ठेवलेल्या माणसाने नंतर आणखी दोन एकर घेतली असतील, तर उलट हेतू दिसत नसल्यास तीही त्यात येतात, कारण असे वर्णन मृत्यूच्या दिवशीच्या मिळकतीला लावले जाते. एका कलमात जी जमीन थोरल्याला दिली तीच पुढच्या कलमात धाकट्याला दिली असेल, तर आधी दोन्हींचा मेळ घालण्याचा प्रयत्न होतो, आणि मेळ बसतच नसेल तर शेवटचे कलम टिकते. खरेदीखतासारख्या दस्तात नियम उलटा असतो, तेथे आधीचे कलम टिकते. मृत्युपत्र हे माणसाचे अखेरचे बोलणे समजले जाते, म्हणून हा फरक.

अर्थात या उदारपणालाही कुंपण आहे. ‘माझ्या पुतण्यास’ असे लिहिले आणि पुतणे दोन निघाले, तर नेमका कोणता अभिप्रेत होता याचा बाहेरचा पुरावा घेता येतो, कारण संदिग्धता कागदावर दिसत नव्हती, ती परिस्थितीमुळे उघडी पडली. परंतु ‘गट नंबर’ या शब्दांपुढे कोरी जागाच सोडली असेल, तर ती भरून काढण्यासाठी ‘बाबा मला म्हणाले होते’ ही साक्ष चालत नाही. सर्वांत अवघड असते ते आईबद्दलचे वाक्य : पत्नीने हयातीपर्यंत शेतीचा उपभोग घ्यावा आणि तिच्या पश्चात मुलांनी वाटून घ्यावी. आईला पोटगीच्या आधीपासूनच्या हक्कापोटी जमीन दिली असेल तर तिचा मर्यादित हक्क १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ खाली पूर्ण मालकीचा होतो, असे १९७७ च्या तुलसम्मा निर्णयावरून मांडले जाते. मृत्युपत्रानेच प्रथम मिळालेला हक्क मर्यादितच राहतो, असे त्याच कलमाच्या दुसऱ्या भागावरून मांडले जाते. निर्णय दोन्ही बाजूंना गेले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय पीठाने हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवण्यासाठी पाठवला. जेथे न्यायमूर्तींना थांबून विचार करावासा वाटला, तेथे संदेश एका ओळीत निकाल देतो.

बारा वर्षांचे विधान दोन वाक्यांत निकालात निघते. सहहिस्सेदारांपैकी एकाचा ताबा हा सर्वांच्या वतीने असतो, आणि दुसऱ्याचा हक्क उघडपणे नाकारून, त्याला कळेल अशा रीतीने त्याला बाहेर ठेवल्याचे सिद्ध झाल्याखेरीज बारा वर्षे मोजायला सुरुवातच होत नाही. पुण्या-मुंबईला नोकरी करणारा भाऊ सुगीला आला नाही, हे बाहेर ठेवणे नव्हे.

संदेशाच्या काही प्रतींत ‘मृत्युपत्राप्रमाणे मोजणी आणून कुंपण घालून घ्यावे’ असाही सल्ला असतो. वादातला हिस्सा किती, हे दिवाणी न्यायालय ठरवते. पण शेतसाऱ्याच्या जमिनीची प्रत्यक्ष फोड दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेला राजपत्रित अधिकारी करतो, आणि ती करताना १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याखालचे प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडायचा नसतो ते क्षेत्र, पाहिले जाते. विहीर कोणाच्या बाजूला, बांध कोठून आणि गाडीवाट कोणाच्या शेतातून, हे त्या टप्प्यावर ठरते. त्याआधी घातलेले कुंपण काढण्याचा खर्च सहसा घालणाऱ्यालाच येतो.