कारवान जगातला सर्वांत जुना कुत्रा आहे का?

गेल्या आठवड्यात आटपाडीच्या बाजारात एकानं कारवानच्या, म्हणजे आपल्याकडच्या सडपातळ शिकारी कुत्र्याच्या, पिल्लाची किंमत सांगितली आणि ती पटावी म्हणून मोबाईल पुढं केला. महिनाभर सगळ्या ग्रुपांवर फिरतोय तोच मेसेज: 'आपला कारवान ही जगातली सर्वांत प्राचीन श्वानजात. डीएनएनं सिद्ध. इजिप्तच्या थडग्यांवर याचीच चित्रं. शाहू महाराजांचा खंड्याही कारवानच. पाच हजार वर्षांत भेसळ नाही.' आमच्या घरी आजोबांपासून ही कुत्री आहेत. त्यांच्यावरच्या मायेपोटीच हे लिहितोय.

आधी डीएनए. 2004 साली अमेरिकेत 85 जातींच्या 414 कुत्र्यांची तपासणी झाली. त्यात 14 जाती लांडग्याच्या जवळच्या गटात निघाल्या: बसेंजी, अकिता, शिबा, चाऊचाऊ, सलुकी, अफगाण हाऊंड, हस्की वगैरे. 'प्राचीन जातीं'च्या याद्या फिरतात त्या इथूनच. त्या 14 जणांत कारवान नाही, किंबहुना त्या 85 मध्येच नाही. ज्याची त्यात तपासणीच झाली नाही, त्याच्याबद्दल त्यातून काही सिद्ध कसं होईल?

शिवाय त्या निकालाचा अर्थही पुढं बदलला. 2012 मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी उत्खननात सापडलेली हाडं आणि या जाती ताडून पाहिल्या. 'प्राचीन' ठरलेल्या बहुतेक जाती सर्वांत जुनी हाडं सापडतात त्या मुलखातल्या नव्हत्याच. जर्मनीत बॉनजवळ माणसांसोबत पुरलेला कुत्रा सुमारे 14 हजार वर्षांपूर्वीचा आहे, तर डिंगो या तिकडच्या रानटी कुत्र्याचे पूर्वज ऑस्ट्रेलियात पोचले त्याला साडेतीन हजारांच्या आसपासच वर्षं झाली. मग डिंगो किंवा बसेंजी वेगळे का दिसतात? युरोपातल्या कुत्र्यांत गेल्या दोनशे वर्षांत जी सरमिसळ झाली, तिच्यापासून ते लांब राहिले म्हणून. एखाद्या आडवळणाच्या वाडीवरची बोली शहरापेक्षा जुनी वाटते, कारण तिच्यात बाहेरचं कमी मिसळलं. म्हणून ती वाडी शहराआधी वसली असं होत नाही.

आणि जात म्हणजे काय? आज जातीचा कुत्रा म्हणतात तो नोंदवहीतला कुत्रा. न्यूकॅसलचं पहिलं प्रदर्शन 1859 चं, लंडनचा केनेल क्लब 1873 चा. त्याआधी कुत्रा ओळखला जायचा तो कामावरून: राखणीचा, मेंढरांचा, शिकारीचा.

इजिप्तचं थोडक्यात. थडग्यांवर सडपातळ, लांब पायांची कुत्री आहेत, हे खरं. पण अंगलट सारखी म्हणजे वंश तोच, असं नव्हे. ज्याला 'फेरो हाऊंड' हे नावच मिळालंय, तो माल्टाचा ससे धरणारा कुत्रासुद्धा 2004 च्या तपासणीत अलीकडच्याच जातींत निघाला.

खंड्याची गोष्ट मात्र जवळची. साताऱ्याजवळ संगम माहुलीला त्याची समाधी आहे. त्यानं वाघापासून महाराजांना वाचवलं, असं लोक सांगत आलेत. साताऱ्याचे हे शाहू महाराज गेले 1749 साली. म्हणजे खंड्या फार तर तीनशे वर्षांपूर्वीचा. तो कारवान होता असं धरलं तरी पाच हजार वर्षांचा हिशेब त्यावरून लागत नाही. त्याला मान मिळाला तो इमानासाठी. त्याच्या समाधीचा दाखला पिल्लं विकायला वापरावा, याचं मला फार वाईट वाटतं.

खरा घात होतोय तो 'भेसळ नाही' या वाक्यानं. मुळात कारवान हे नावच तांड्यावरून आलं. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर पश्चिमेकडून आलेला कुत्रा, असं म्हातारे सांगतात. ते खरं असेल तर वाटेत सरमिसळ झालीच असणार. आपल्या माणदेशातले मेंढपाळ पाऊस सरला की कळप घेऊन कोकणाकडं उतरतात, कुत्री बरोबर असतात. कुठल्या मुक्कामावर कोणती कुत्री कुणाबरोबर लागली, याची वही कुणी ठेवली? त्या मोकळेपणातूनच चिवटपणा टिकला. जो पळाला, ऊन सोसून जगला, त्याचीच पिल्लं वाढली.

आता मेसेज वाचून गिऱ्हाईक 'शुद्ध' मागतं, म्हणून काहीजण भाऊ-बहीण, आई-पोरगा असे क्रॉस करतात. अशा विणीतली पिल्लं मी हातात घेतलीत. चार झाली, त्यातली दोन आठवड्याभरात गेली, उरलेल्यांपैकी एकाचे पाय शेवटपर्यंत सरळ झाले नाहीत.

बाजारातल्या त्या माणसाला मी पिल्लाची आई दाखवायला सांगितली. ती टेम्पोत बांधलेली होती. बाप कोण, असं विचारलं. तर म्हणाला, 'हिचाच भाऊ की, म्हणून तर शुद्ध.'